सहा नंबरचा दिवा

दिवा लागला आणि विझला. पापणी लवायच्या आत. गिरणीचा वायरमन एलरॉय व्हँडरलूप याचा कॉफीचा कप ओठांपर्यंत आला होता, तो तिथंच राहिला. कंट्रोल पॅनेलचं दार उघडं होतं, आत कार्डावर बारीक हिरव्या दिव्यांची ओळ होती, आणि त्यातला सहा नंबरचा दिवा लागला होता. हा दिवा कधी लागावा? मारलिस ड्रेगरने कागद गुंडाळणाऱ्या वाइंडरच्या पलीकडच्या टोकाचं थांबवायचं बटण दाबलं तर, आणि तरच. आणि काचेपलीकडे तर मारलिसचे दोन्ही हात हवेत होते. दोन्ही! डाव्या हातात चिकटपट्टीचं रीळ, उजवा हात वर, क्रेनवाल्याला खूण करणारा. बटण तिच्यापासून चांगलं दहा पावलं लांब, भिंतीवर, एकटं. तिने ओढ लावून पूर्ण वेगाकडे नेत आणलेलं ते घराएवढ्या रुंदीचं यंत्र तेवढ्यात कण्हायला लागलं, मंदावलं आणि थांबलं. अर्धवट गुंडाळलेला कागद लोंबायला लागला. मारलिसने हात खाली घेतले, टोपी काढली आणि कुणाकडेच न बघता उभी राहिली. अशी उभी राहायची तिची तऱ्हा नव्हती. ती तऱ्हा गेल्या तीन आठवड्यांत आली होती.

"खरं बोलतेय की बाई," एलरॉय स्वतःशीच पण मोठ्यांदा म्हणाला. त्याचे कान तापले होते. एकसष्टाव्या वर्षी, एप्रिलमध्ये निवृत्त होणार असताना, गुडघे कुरकुरत असताना, छातीत असं काही धडधडायला लागावं याची त्याला जरा लाजच वाटली, पण लाजेपेक्षा आनंद मोठा होता. तीन आठवड्यांत अकरा वेळा वाइंडर मध्येच थांबलं होतं, अकराच्या अकरा वेळा मारलिसच्या पाळीत, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने एकच ओळ लिहून ठेवली होती: थांबवायचं बटण, चालकाची बाजू. ती म्हणायची, मी हात लावला नाही. कॉम्प्युटर म्हणायचा, लावला. आता कॉम्प्युटर आणि मारलिस यांच्यात कागदाच्या गिरणीने कुणावर विश्वास ठेवावा? कोणी म्हणालं, कोपर लागत असेल. कोणी म्हणालं, वय झालं, घाबरते. डेपेर् गावाकडचा एक शहाणा म्हणाला, मुद्दामच करते, मधे चाळीस मिनिटं बसायला मिळतं. दोन लेखी ताकिदी झाल्या होत्या. तिसरी उद्या, शुक्रवारी सकाळी आठ वाजता, आणि तिसरीनंतर दार. तेवीस वर्षं तिने ते यंत्र चालवलं होतं. या गिरणीत तिच्याइतकं जोरात ते कुणी चालवत नसे.

तो कप ठेवून बाहेर गेला नाही. तिला सांगायला धावावं असं पायांना वाटत होतं, पण डोळ्यांना पुन्हा बघायचं होतं. डोळे म्हातारे, दिवा एवढासा. उद्या विभागप्रमुख केंट विचारेल, तुम्हाला खात्री आहे का? म्हणून त्याने कपाटातून विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप काढला, सहा नंबरच्या वायरीला त्याचा चिमटा लावला आणि वाट बघत बसला. पुन्हा कागद ओढून, चिकटवून, यंत्र चालू व्हायला अर्धा तास गेला. मग मारलिसने वेग वाढवायला सुरुवात केली आणि पडद्यावरची ती सरळ, गप्प रेघ फुलायला लागली. आधी नुसती कुसळं. मग काटे. वेग चढेल तसे ते उंच होत गेले, आठ व्होल्ट, दहा, अकरा. एलरॉयच्या तोंडून शीळ बाहेर पडली. काय सुंदर होते ते! कुणी न दाबलेल्या बटणाचे ठोके. कार्डाला बिचाऱ्याला दोनच गोष्टी कळतात, आहे किंवा नाही. पंधरा व्होल्टच्या आसपास काही पोचलं की ते म्हणतं, आहे. ते कुणी पोचवलं, बाईच्या बोटाने की शेजारच्या वायरीच्या बडबडीने, हे विचारायची त्याला सोय नाही. यावेळी काटे तेरावर थांबले आणि वाइंडर चालत राहिलं. पण त्याला हवं ते मिळालं होतं. हा गोंगाट होता. विजेचा निव्वळ, साधा, निर्लज्ज गोंगाट.

गोंगाटावर त्याचं लहानपणापासून प्रेम होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, कारण बाकी लोकांचं प्रेम गाण्यावर असतं. लिटल शूट गावाच्या बाहेर त्यांच्या रस्त्याला आठ घरं होती आणि आठांत मिळून टेलिफोनची एकच तार. व्हँडरलूपांची घंटी दोन लांब, एक आखूड. इतरांची घंटी वाजली तर फोन उचलायचा नाही, हा त्या रस्त्याचा देवाच्या दहा आज्ञांखालचा अकरावा नियम. नऊ वर्षांचा एलरॉय उचलायचा. बोलणं ऐकायला नव्हे. शेजारच्या हीटपासबाईंच्या पायाच्या दुखण्यात त्याला काय रस? तो ऐकायचा बोलण्याच्या खालचं. तिथं एक गुणगुण असायची, कुठल्याशा विजेच्या तारेची, तिच्यावर कधी कधी टिकटिक, कधी पावसाळी चरचर, आणि फार लांबून, बहुधा दुसऱ्याच रस्त्याच्या तारेवरून गळून आलेलं एखाद्या माणसाचं हसू. आख्खं जग त्या तारांमधून एकमेकांत झिरपत होतं आणि मोठी माणसं त्यावर हवापाण्याच्या गप्पा मारत होती. तो श्वास रोखून उभा राहायचा. पण नऊ वर्षांच्या पोराला श्वास किती वेळ रोखता येणार?

श्वास आठवला आणि त्याला नको ते पुढचंही आठवायला लागलं, म्हणून तो उठला आणि ड्रॉइंगच्या कपाटाकडे गेला. एक गोष्ट जुळत नव्हती. दोन आठवड्यांपूर्वी, चौथ्यांदा यंत्र थांबलं तेव्हा, केंट रोहडे त्याच्याकडे आला होता. केंट विभागाचा प्रमुख, चौतिशीचा, गिरणीत दोन वर्षं झालेला, सभ्य मुलगा. त्याने बरोबर तोच प्रश्न विचारला होता: नुकताच आपण वाइंडरला मोटारीचा वेग सांभाळणारा नवा ड्राइव्ह बसवला, हे नवे ड्राइव्ह जुन्यापेक्षा फार गोंगाट करतात म्हणे, तर तो बटणाच्या वायरीत शिरत नसेल ना? एलरॉय तेव्हा डोनट खात होता. त्याने तोंडातला घास संपवायचीही तसदी घेतली नव्हती. "ती वायर मी टाकलीय," एवढंच म्हणाला होता. त्या गिरणीत एवढं पुरत असे. नवीन वायरमनांना एलरॉयची पॅनेलं दाखवायला नेत, जशी लग्नाची मुलगी दाखवतात तशी, दारं उघडून. वायरी वळणावर एकसारख्या वळलेल्या, प्रत्येकीला तिच्या नावाची चिठ्ठी. केंटने तरी ड्रॉइंग काढून बघितलंच होतं. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं होतं: जाळीचं वेष्टण असलेली केबल, तिसरा ट्रे, मोटारींच्या केबलींपासून दूर. म्हणजे गोंगाट शिरायला जागाच नाही. म्हणजे मग राहिलं कोण? मारलिसचं कोपर.

आता तेच ड्रॉइंग त्याच्यापुढे होतं. अक्षर त्याचं. सही त्याची. नऊ वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली तारीख. ती तारीख त्याने दोनदा वाचली. शुक्रवार होता का तो? तो शिडी घेऊन आत गेला. सेफ्टीचा पट्टा बांधला, वर चढला, छताखालून वायरी नेणाऱ्या तिसऱ्या ट्रेचं झाकण सरकवलं आणि टॉर्च मारला. तिसऱ्या ट्रेमध्ये ती वायर नव्हती. धूळ होती, कागदाचा भुगा होता, बाकीच्या अकरा वायरी शाळेतल्या पोरींसारख्या रांगेत होत्या. बारावी नव्हती. शिडीवर उभ्या उभ्या त्याला हसू आलं, कारण अजूनही त्याला वाटत होतं की कुणी गाढवाने मागाहून ती हलवली असणार, आणि त्या गाढवाला आता तो असा काही धरणार होता की ज्याचं नाव ते. अंगात नुसता उत्साह सळसळत होता. त्याने शिडी सरकवली. पहिल्या ट्रेकडे, जिथं नव्या ड्राइव्हच्या मनगटाएवढ्या जाड केबली जातात. झाकण जड होतं. आणि तिथं, त्या जाड केबलींच्या कुशीत, त्यांना बिलगून, एक साधी दोन धाग्यांची राखाडी वायर गेली होती. वेष्टण नाही, जाळी नाही, काही नाही. दाराच्या घंटीला वापरतात तसली. तिला मात्र चिठ्ठी नीट लावलेली होती, वळणदार अक्षरात, ए. व्ही., आणि तीच तारीख.

शिडीवर तो किती वेळ उभा होता कोण जाणे. खाली वाइंडर चालू होतं आणि ट्रे बारीक थरथरत होता. त्याला सगळं आठवलं, एकदम, झाकण उघडल्यासारखं. तो शुक्रवार हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा आदला दिवस होता. शनिवारी पहाटे विस्कॉन्सिनातला प्रत्येक धडधाकट माणूस नारिंगी जाकीट घालून झाडावर बसलेला असतो, त्या शनिवारचा आदला. दुपारी बारालाच गिरणी ओस पडायला लागली होती. त्याच्या कामाच्या कपड्यांखाली लोकरीची पँट तयार होती, ट्रकमध्ये बंदूक होती, उत्तरेला क्रिव्हित्झच्या जंगलातल्या केबिनवर मेहुणा वाट बघत होता. एवढं एक बटण राहिलं होतं. जाळीवाली केबल घ्यायला तो स्टोअरवर गेला तर स्टोअरला कुलूप. स्टोअरवालाही हरणांनाच गेला होता. तिसऱ्या ट्रेची सात झाकणं काढायची म्हणजे चार तास. पहिल्या ट्रेचं एकच. आणि जुना ड्राइव्ह कसा गरीब होता, गायीसारखा. चालेल, असं तो म्हणाला होता. सोमवारी येऊन नीट करू. आणि मग ड्रॉइंगवर त्याने सोमवारची गोष्ट शुक्रवारीच लिहून टाकली, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तर सोमवारी ते खरं होणारच होतं म्हणून. रविवारी त्याला आठ शिंगांचं हरीण मिळालं. सोमवारी सगळे त्या हरणाबद्दल बोलत होते. नऊ वर्षांत त्याने ते ड्रॉइंग इतक्यांदा पाहिलं होतं की तो शुक्रवार कुठल्या कुठे गेला आणि ड्रॉइंगच काळ्या दगडावरची रेघ झालं. डोनट खाताना तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हे जास्त वाईट होतं.

आणि तरी, हे कसं सांगावं, त्याची धडधड थांबली नव्हती. शरमेने तोंड उतरलेलं आणि आत अजून तोच आनंद उड्या मारतोय, की सापडलं, सापडलं. चोर सापडला याचा आनंद, आणि चोर आपणच. तो खाली उतरला. पायथ्याशी मारलिस उभी होती. ती त्याच्याहून चार वर्षांनी लहान, रुंद खांद्यांची, केस पांढरे आणि आखूड. काय बघत होतास वर, तिने विचारलं. वायर, तो म्हणाला. ती म्हणाली, उद्यानंतर तुला शांतपणे बघत बसता येईल, मी नसेन. ते तिने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते, कपाट कुठलं रिकामं करायचं हे विचारावं तसं, म्हटलं. सांगून टाकावं, आत्ता, इथंच. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, उद्या आठ वाजता मीही येणार आहे. ती म्हणाली, ये की, खुर्च्या भरपूर आहेत.

घरी गेल्यावर त्याला जेवण गेलं नाही. मोह काय होता तो त्याला स्वच्छ दिसत होता, आणि तो फार शहाण्यासारखा दिसत होता. उद्या पहाटे लवकर जावं. कॉम्प्युटरमध्ये सहा नंबरच्या पुढे एक आकडा असतो, किती वेळ टिकलेली खूण खरी मानायची त्याचा. तो वाढवला की झालं. काटे क्षणाच्या हजाराव्या हिश्शात येतात आणि जातात. माणसाचं बोट बटणावर निदान दशांश सेकंद तरी टिकतं. कार्डाला सांगायचं, बाबा रे, जरा थांब, खरंच कुणी आहे का बघ, मग दार उघड. तीन मिनिटांचं काम. यंत्र पुन्हा थांबणार नाही. कुणाला वर चढायचं कारण नाही. एप्रिलमध्ये केक कापतील, पॅनेलं दाखवतील. आणि मारलिस? इथपर्यंत आला की तो अडकायचा. उद्या तिला काढलं आणि परवापासून यंत्र थांबायचं थांबलं, तर लोक काय म्हणतील? आणि नुसती शेवटची ताकीद देऊन ठेवलं, तरी काय म्हणतील? म्हणतील, बघा, कान उपटल्यावर आली ना ठिकाणावर.

कारण हे त्याने पाहिलं होतं. तो नऊ वर्षांचा होता त्या हिवाळ्यात हीटपासबाईंनी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की व्हँडरलूपांची बाई तारेवर कान लावते, श्वास ऐकू येतो. मंगळवारचा पत्त्यांचा डाव आठ घरांत आळीपाळीने व्हायचा. त्याची आई त्यातून गळाली. कुणी तिला नको म्हटलं नाही. फक्त कोणी बोलावलं नाही. आई मोरीपाशी भांडी घासत म्हणाली, मी एकदाही उचलला नाही. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, बरं, मग आता उचलू नकोस म्हणजे झालं. आणि एलरॉय टेबलाशी बसून लोण्याचा ब्रेड खात होता. तोंडात घास होता. त्याने त्या दिवसापासून फोनला हात लावला नाही. तारेवरचा श्वास बंद झाला, आणि रस्त्यावरच्या आठही घरांना पुरावा मिळाला: बोलणी खाल्ल्यावर थांबली ना? आईने पुढे कधी विषय काढला नाही. दोन वर्षांनी तिला डावात परत घेतलं, उदार मनाने, क्षमा केल्यासारखं. तिला माहीत होतं का? ती गेली तेव्हा तो पन्नाशीचा होता, आणि तोवर रोज विचारता येत होतं. त्याने अंथरुणात कूस बदलली. त्याची बायको डोरिन झोपेत म्हणाली, हरणांचं एवढं काय घेतोयस मनावर.

शुक्रवारी सात वाजता तो गिरणीत होता. आकड्याला त्याने हात लावला नाही. त्याने भिंतीवरचं ते बटण सोडवलं, चार स्क्रू काढून, वायरीची दोन्ही टोकं चिकटपट्टीने वेगवेगळी बंद केली, आणि बटण खिशात टाकलं. आणीबाणीचं मोठं लाल बटण वेगळं असतं, त्याची वायर वेगळी, त्याला धक्का लागत नव्हता. मग तो ड्वेनकडे गेला. ड्वेन दुसऱ्या पाळीचा चालक, मारलिसच्या जागी आज यंत्रावर उभा केलेला. कामाच्या शर्टाच्या गळ्यातून त्याची नारिंगी बनियन दिसत होती. एलरॉयने त्याला सांगितलं की सव्वाआठला पूर्ण वेग दे. ड्वेन म्हणाला, देतो की हळूहळू. "हळूहळू नको," एलरॉय म्हणाला, "मारलिससारखं दे." ड्वेनने डोकं खाजवलं आणि म्हणाला, तेवढी माझी छाती नाही, पण बघतो. आणि तिथंच एलरॉयला शेवटचा तुकडाही जुळला. म्हणजे म्हणूनच फक्त तिच्या पाळीत! बाकीचे यंत्राला गोंजारत चढवतात, ही टाच मारते. जेवढा जोर तेवढा प्रवाह, जेवढा प्रवाह तेवढा गोंगाट. ती चांगली चालवत होती म्हणून सापडली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

बैठकीच्या खोलीत चौघं होती. केंट, मारलिस, युनियनच्या बेव्ह आणि आता तो. केंटच्या पुढ्यात तिसऱ्या ताकिदीचा कागद होता आणि भिंतीवरच्या पडद्यावर वाइंडरच्या नोंदी. केंटला दुपारपर्यंत शिकारीसाठी उत्तरेला निघायचं होतं, ते त्याच्या बुटांवरून कळत होतं. तो मारलिसला म्हणत होता की कुणाला यात आनंद नाही. एलरॉयने खिशातून बटण काढलं आणि टेबलावर, त्या कागदाच्या बरोब्बर मध्ये ठेवलं. त्याच्या कानात आपल्याच रक्ताची गुणगुण ऐकू येत होती.

"हे ते बटण," तो म्हणाला. "आत्ता यंत्राला बटणच नाहीये. आणि मारलिस इथं बसलीय. आता नुसतं त्या पडद्याकडे बघा."

केंट म्हणाला, तुम्ही ते काढलंत, चालू पाळीत? बेव्ह म्हणाल्या, थांब रे जरा. भिंतीवरचं घड्याळ आठ सोळा दाखवत होतं. खालून वाइंडरचा आवाज चढायला लागला, खोलीच्या जमिनीतून तळपायांत. सतरा. एलरॉय मनात ड्वेनला म्हणत होता, मार टाच, मार, घाबरतोस काय. अठरा. काहीच नाही. मारलिस बटणाकडे बघत होती.  काल तेरावर थांबले होते काटे, आजही थांबले तर? ड्वेनची छाती खरंच नसली तर? आवाज आणखी चढला. एकोणीस. आणि मग तो कण्हण्याचा आवाज आला, ओळखीचा, आणि जमीन गप्प झाली, आणि पडद्यावर एक ओळ उमटली. थांबवायचं बटण, चालकाची बाजू. टेबलावरचं बटण टेबलावरच होतं.  मग मारलिसने अगदी हळू, दोन बोटांनी, ते बटण उचललं, उलटं केलं आणि त्याच्या मागचे दोन रिकामे स्क्रू बघत राहिली, अंडं उजेडात धरून बघावं तसं. तिची हनुवटी हलायला लागली होती. तिने ती घट्ट धरली.

केंट वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची मागे सरकवली, मोठा श्वास सोडला आणि पहिल्यांदा मारलिसची माफी मागितली. मग त्याने जे सुचवलं तेही वाईट नव्हतं, काल रात्री एलरॉयने स्वतःला सुचवलं होतं तेच होतं. सहा नंबरचा आकडा वाढवू. कागदावर लिहू, कारण निश्चित झाले नाही, नवीन ड्राइव्हमुळे असू शकते. ताकिदी फायलीत राहतील पण पुढे कारवाई नाही. सगळे हरणांना मोकळे. आणि असं म्हणताना त्याने एलरॉयकडे पाहिलं, क्षणभरच, पण त्या नजरेत समजूत होती. त्याला अंदाज आला होता. ड्रॉइंग त्यानेही पाहिलं होतं. जाळीच्या केबलीत तिसऱ्या ट्रेमधून एवढा गोंगाट शिरत नाही, हे कळण्याइतका तो शिकलेला होता. तो म्हाताऱ्याला झाकत होता. एलरॉयच्या तोंडात घास नव्हता, पण गिळल्यासारखं त्याने केलं.

"कारण निश्चित झालंय," तो म्हणाला. "लिही. वायर पहिल्या ट्रेमध्ये आहे, जाळी नाही. टाकणारा मी. ड्रॉइंग खोटं आहे, सही माझी. मला हरणांना जायचं होतं. आणि तू विचारलंस तेव्हा मी डोनट खात खात सांगितलं की वायर चांगली आहे. म्हणून ताकिदी दिल्यास तू. त्या दोन्ही फाड आणि त्यांच्या जागी हे ठेव."

बेव्हच्या पेनाचा आवाज तेवढा येत होता. बोलून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं, की हसू फुटेल अशी भीती वाटली. केंट म्हणाला, तुम्हाला माहितीय ना, हे तुमच्या फायलीत जाईल? एलरॉय म्हणाला, जाऊ दे, माझी फाईल फार दिवस उपाशी आहे. मग त्याने मारलिसकडे पाहिलं, कारण तेवढंच राहिलं होतं. त्याला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल, ठीक आहे, असू दे, असं. तसं काही झालं नाही.

"तीन आठवडे," मारलिस म्हणाली. "तीन आठवडे मी दोन्ही हात खिशात घालून त्या भिंतीपासून लांब चालतेय, एलरॉय. रात्री उठून स्वतःला विचारलंय, दाबत तर नाहीये ना मी? कळतंय का तुला? मला माझ्याच हातांची खात्री उरली नव्हती."

कळत होतं. तो हो म्हणाला. त्याखेरीज म्हणण्यासारखं जे होतं ते बावन्न वर्षांपूर्वी मोरीपाशी उभ्या असलेल्या बाईला म्हणायचं होतं, आणि ते इथं कुणाला समजलं नसतं. मारलिसने बटण टेबलावरून स्वतःच्या खिशात टाकलं आणि उठली. दारात थांबून तिने विचारलं, वायर बदलायला किती वेळ? चार तास, तो म्हणाला, सात झाकणं आहेत. ती म्हणाली, दोघं असलो तर अडीच. तिच्या आवाजात माया अजिबात नव्हती. चल, असं मात्र होतं.

आणि काय अडीच तास होते ते! स्टोअरवाला पळायच्या आत त्याला गाठून जाळीवाली केबल घेतली. एलरॉय शिडीवर, मारलिस खाली, ती केबल सोडत जाई आणि तो ओढत जाई. झाकणांमागून झाकणं. मध्येच ती ओरडून विचारी, हे असं का, तसं का, आणि तो सांगत सुटे: दोन धागे एकमेकांना पीळ घालून असतात, का? तर एकाला जे डंख बसतात ते दुसऱ्यालाही बसावेत आणि दोन्ही फिटावेत. वर जाळी, ती एकाच टोकाला अर्थिंगला जोडायची, दोन्ही टोकांना नाही, नाहीतर जाळीतूनच प्रवाह फिरायला लागतो आणि राखणदारच चोर होतो. आणि हो, तो आकडाही थोडा वाढवायचा, थोडासाच, शहाण्या माणसाने ऐकल्याबरोबर दार उघडू नये म्हणून. मारलिस म्हणाली, हे सगळं येत होतं तुला तर. तो म्हणाला, सगळं येत होतं. ती हसली नाही, पण तिने केबल जरा सैल सोडली. गिरणी रिकामी होत चालली होती, बाहेर ट्रकांचे आवाज जात होते उत्तरेकडे, आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं. जुनी राखाडी वायर त्याने पहिल्या ट्रेमधून ओढून काढली, चिठ्ठीसकट, आणि वेटोळं करून केंटच्या टेबलावर त्या कागदाशेजारी ठेवून आला.

बारा वाजून गेले होते. मारलिसने खिशातलं बटण काढून स्वतःच्या हाताने भिंतीवर बसवलं, चार स्क्रू. मग ती यंत्रावर गेली. एलरॉय पॅनेलसमोर बसला, दार उघडं, ऑसिलोस्कोप लावलेला. त्याने काचेतून अंगठा वर केला. तिने अशी टाच मारली की ड्वेनने बघावी. जमीन थरथरली, कागदाची पांढरी भिंत धावायला लागली, आवाज चढला, चढला, पूर्ण वेगाला जाऊन टिकला. पडद्यावरची रेघ सरळ होती. नीट कान देऊन ऐकावं तशी त्याने ती पाहिली. अगदी खाली, फार खाली, बारीकशी एक कुसळ होती, दूरच्या तारेवरच्या हसण्याएवढी. तेवढी असू दे. सहा नंबरचा दिवा काळा. एक मिनिट, पाच, दहा. मारलिस काचेपलीकडून त्याच्याकडे बघत होती, दोन्ही हात वर, रिकामे, उघडे. त्याने मान हलवून सांगितलं, काही नाही. मग ती वळली. भिंतीपर्यंतची दहा पावलं ती सावकाश चालत गेली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, थांबली, आणि आख्ख्या तळहाताने बटण दाबून धरलं. सहा नंबरचा दिवा लागला, आणि ती धरून होती तोवर लागलेलाच राहिला.